व्हॅक्यूम क्लीनर पुढे सरकेनासा झाला, तर त्यात तेल सोडू नये

मोटरच्या जोरावर स्वतःच पुढे-मागे सरकणारे जुने व्हॅक्यूम क्लीनर परदेशातील नातेवाइकांमार्फत आलेले असतात आणि सोलापुरातील काही घरांत ते आजही जपून वापरले जातात. मोटर चालते, ब्रश फिरतो, धूळही ओढली जाते, परंतु यंत्र हाताने ढकलावे लागते, ही तक्रार आमच्या दुरुस्तीच्या दुकानात वारंवार येते. हा दोष बहुधा किरकोळ असतो. तो मोठा होतो, तो यंत्र आमच्याकडे येण्यापूर्वी त्यात सोडलेल्या तेलामुळे.

मोटरच्या दांड्यावरच हवा ओढणारा पंखा बसवलेला असल्यामुळे ही मोटर एकाच दिशेने फिरते. तिचा वेग पट्ट्याने व दातेरी चाकांनी कमी करून खालच्या चाकांना दिला जातो. मूठ पुढे रेटली की एक क्लच पकड घेतो, मागे ओढली की दुसरा, आणि मूठ मध्यावर असताना दोन्ही सुटे राहतात. मॉडेलनुसार रचना बदलते आणि काहींची गिअरपेटी मुळातच तेलाने भरून सीलबंद केलेली असते. परंतु पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांत पकड मिळते ती कोरड्या घर्षणातून.

आपल्या शहरात शिलाई मशीन नाही असे घर विरळाच, त्यामुळे मशीनच्या तेलाची बाटली सहज हाताशी असते. सायकलच्या साखळीला तेल लागते, तसे यालाही लागत असेल, अशा समजुतीने ते फटीतून सोडले जाते. एक-दोन दिवस आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. मग रबर तेल शोषून फुगते, मऊ पडते, पट्टा घसरू लागतो आणि त्या ओलाव्यावर धूळ व सुताचा भुसा बसून घट्ट लगदा तयार होतो. असा पट्टा पुसून पूर्ववत होत नाही, तो बदलावाच लागतो; क्लचचे अस्तर तेलाने भिजले असल्यास तेही बदलावे लागते, आणि उरलेले सर्व भाग सुटे करून एकेक स्वच्छ करावे लागतात. तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते ते येथे. तेल काढण्यासाठी पेट्रोल किंवा थिनरही वापरू नये. त्याने रबर व प्लॅस्टिक दोन्ही खराब होतात, आणि पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते. दातेरी चाकांना योग्य तेथे ग्रीस लागते, पण ते आम्ही पेटी उघडूनच लावतो.

त्याऐवजी आपण घरी एवढे करावे. प्लग काढून यंत्र आडवे करावे, मूठ मध्यावर ठेवावी आणि चाके हाताने फिरवून पाहावीत. ती जड वाटली, तर आसाभोवती केस किंवा दोरा गुंडाळला गेला आहे असे समजावे. चादरी व टॉवेलांच्या या गावात सुताचे तंतू आसाला फार लवकर वेढतात. ते बारीक कात्रीने कापून चिमट्याने काढले की अनेकदा यंत्र पुन्हा सरकू लागते. जाड गालिच्यावर ब्रश फार खाली ठेवल्यासही चाके अडतात, म्हणून त्याची उंची एक पायरी वाढवून पाहावी. अमेरिकेतील यंत्र 120 व्होल्टचे असते. आपला पुरवठा 230 व्होल्टचा असल्याने स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो लहान पडला तर मोटरचा जोर कमी होऊन दोष चाकांचा वाटतो.

फोनवर दर का सांगत नाही, असे काही ग्राहक विचारतात. आत तेल आहे की नाही, हे झाकण काढल्याशिवाय कळत नाही, आणि अंदाजाने सांगितलेला आकडा पुढे वाढवणे आम्हाला पटत नाही. उघडून पाहिल्यावर खर्च सांगतो, संमती मिळाल्यावरच काम सुरू करतो आणि काढलेले भाग परत देतो. बाजारातील जवळपासच्या मापाचा पट्टा आम्ही बसवत नाही, कारण तो जास्त ताणला गेला तर मोटरच्या बेअरिंगवर सतत भार येतो. जुन्या पट्ट्याची रुंदी व घेर मोजून योग्य पट्टा मिळवण्यास वेळ लागतो, परंतु तो टिकतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या यंत्राचे रबर लवकर कडक होते, म्हणून असे यंत्र वर्षातून एकदा तपासून घेणे हिताचे आहे.

रिक्षात जागा पुरत नाही म्हणून केवळ खालचा भाग आणू नये. मूठ व तिची केबलही सोबत आणावी, कारण सैल झालेली केबल हेही न सरकण्याचे एक कारण असते. धुळीची पिशवी मात्र रिकामी करून आणावी. दिवाळीच्या साफसफाईसाठी यंत्र हवे असल्यास ते दसऱ्यापूर्वी आणून द्यावे, कारण त्यानंतर आमच्याकडे गर्दी वाढते.