‘कायपर पट्टा’ हे नाव आलं कुठून?

२०२४च्या ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर आम्ही रोज संध्याकाळी गुहागरच्या वाळूत उभे असायचो. पहिल्या दिवशी क्षितिजावरच्या ढगांनी काही दिसू दिलं नाही. मग शुक्राच्या उजव्या अंगाला, थोडा वर, त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू दिसला, शेपटी सरळ वर. घरातली जुनी माणसं त्याला शेंडेनक्षत्र म्हणाली. कोजागिरीच्या चांदण्यात तो पार फिका पडला. तेवढ्या दिवसांत मात्र ‘हा कायपर पट्ट्यातून आला’ हे वाक्य कितीदा तरी कानावर आलं. कायपर पट्टा म्हणजे नेपच्यूनपलीकडचा लहान बर्फाळ गोळ्यांचा पट्टा; हा धूमकेतू आला त्याहून कितीतरी लांबच्या ऊर्ट मेघातून.

मेघाची कल्पना १९५०ची. दीर्घ मुदतीच्या, म्हणजे सूर्याभोवती एक फेरी घालायला शेकडो-हजारो वर्षं घेणाऱ्या, अवघ्या १९ धूमकेतूंच्या कक्षा मागे नेऊन पाहिल्यावर यान ऊर्ट या डच शास्त्रज्ञाला दिसलं, की त्यांतले बरेच सूर्य-पृथ्वी अंतराच्या वीस हजार पटींहून लांबून आणि वाटेल त्या दिशेने येतात. म्हणजे त्यांचा साठा सूर्यमालेला चहूबाजूंनी वेढून आहे. १९३२ मध्ये एका एस्टोनियन अभ्यासकाने असंच काहीसं सुचवलं होतं. ‘मेघ’ या शब्दाने आपल्याकडे घोटाळा होतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे मृगाचं भरलेलं आभाळ येतं. तिथे एका बर्फाळ गोळ्यापासून दुसरा कोट्यवधी किलोमीटर दूर आहे, आणि जागेवर असलेला एकही आजवर कुणी पाहिलेला नाही. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर-१ या यानाला मेघाच्या अलीकडच्या कडेपर्यंत पोचायलाच अजून सुमारे ३०० वर्षं लागतील.

पट्ट्याच्या नावाचा गुंता याहून मोठा. ज्यांचं नाव त्याला मिळालं, त्या खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी १९५१ मध्ये लिहिलं ते नेमकं उलट: नेपच्यूनपलीकडे सुरुवातीला लहान गोळ्यांची चकती असेल, पण प्लूटोने ती केव्हाच उधळून लावली असेल. तेव्हा प्लूटो पृथ्वीएवढा जड मानला जाई. १९७८ मध्ये त्याचा चंद्र सापडला आणि वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ०.२ टक्के निघालं. उधळणाराच एवढा हलका, तर चकती उधळली कुणी?

त्याआधी, १९४३ आणि १९४९ मध्ये, लष्करात अभियंता राहिलेल्या एजवर्थ या आयरिश अभ्यासकाने लिहून ठेवलं होतं, की तिथे असंख्य लहान गोळे आजही आहेत आणि अधूनमधून एखादा आत येऊन धूमकेतू होतो. कायपर यांच्या १९५१च्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. १९८० मध्ये उरुग्वेच्या एका शास्त्रज्ञाने गणित मांडलं, की कमी मुदतीच्या, म्हणजे दोनशे वर्षांच्या आत फेरी पुरी करणाऱ्या, धूमकेतूंचा हिशेब लागायला नेपच्यूनपलीकडे पट्टा हवाच. १९८८ मध्ये कॅनडातल्या तिघांनी संगणकावर ते पडताळलं आणि लेखात ‘कायपर पट्टा’ असं छापलं. १९९२ मध्ये, पाच वर्षांच्या शोधानंतर, हवाईतल्या मौना केआवरून प्लूटोपलीकडचा पहिला गोळा सापडला तेव्हा नाव तयारच होतं.

मला हा सरळ अन्याय वाटतो. काही जण ‘एजवर्थ-कायपर’ लिहितात, पण ते रुळलं नाही. पुढे हेही कळलं, की कमी मुदतीचे बहुतेक धूमकेतू खुद्द पट्ट्यातून येत नाहीत, तर नेपच्यूनने भिरकावलेल्या लांबोडक्या कक्षांतल्या गोळ्यांमधून येतात. २००६ साली प्लूटोचं ग्रहपद गेलं, ते सगळ्यांना पाठच आहे.

सड्यावर मुलांना आकाश दाखवताना मी ‘नेपच्यूनपलीकडचा पट्टा’ म्हणतो. जागा कुठली, ते त्यांना लगेच कळतं.