व्ही२४.० : रस्त्याबाहेरच्या धडकेचा खाना

मोटारसायकल चालवणारा जखमी, धडक बसशी किंवा अवजड वाहनाशी, आणि ठिकाण सार्वजनिक रस्ता नव्हे. एवढ्या बारीक प्रसंगासाठी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र सांकेतांक आहे: व्ही२४.०. मागे बसलेल्यासाठी व्ही२४.१. ऐकून हसू येतं खरं, पण इथवर यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

या वर्गीकरणाचा मूळ आराखडा झाक बर्तियों यांनी १८९३ साली शिकागोत मांडला. ती फक्त मृत्यूच्या कारणांची यादी होती. १९०९च्या दुसऱ्या आवृत्तीत वाहनं, रेल्वे आणि कोसळलेली दरड ही सगळी 'चिरडून झालेली इजा' या एकाच ओळीत बसवलेली होती. सहावी आवृत्ती १९४८ची. तोवर काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं होतं. मांडीचं हाड मोडलं ही एक नोंद आणि ते कशामुळे मोडलं ही दुसरी, अशी फोड तेव्हा झाली. मोटार अपघातांचेही दोन गट पडले, रहदारीतले म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरचे, आणि रहदारीबाहेरचे.

तरी बस दिसत नव्हतीच. नवव्या आवृत्तीत असा अपघात ई८२२.२ मध्ये जाई. त्यातून जखमी माणूस मोटारसायकलवर होता एवढं कळे, समोर बस होती की छोटी मोटार, ते नाही. १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीने प्रश्नांचा क्रमच उलटा केला. आधी जखमी माणूस कशावर होता, मग धडक कशाशी झाली, आणि शेवटच्या आकड्यात तो चालवत होता की मागे बसला होता, रहदारीत की बाहेर. बस आली, पण अवजड मालवाहू वाहनाबरोबर एकाच खान्यात. त्यांचे आकडे आजही तिथे वेगळे निघत नाहीत.

खरी गंमत 'रस्त्याबाहेर' या शब्दात आहे. रस्ता म्हणजे नुसती डांबरी पट्टी नव्हे. ये-जा करायला लोकांना खुली असलेली, एका बाजूच्या मालमत्तेच्या हद्दीपासून दुसऱ्या बाजूच्या हद्दीपर्यंतची सगळी जागा रस्त्यात धरली जाते. कडेची माती आणि पदपथ त्यातच आले. दुचाकीला ठोकरून बस शेतात घुसली, तरी सुरुवात रस्त्यावर झाली म्हणून तो अपघात रहदारीतलाच. फाटकातून निघणाऱ्या बसचं तोंड रस्त्यावर आणि मागचा भाग आवारात असेल, तरी तेच. रहदारीबाहेरचा ठरायला सगळा प्रसंग आगारात, कार्यशाळेत, खाणीत किंवा शाळेच्या आवारात घडायला हवा.

आणि मुख्य म्हणजे तसं कुणीतरी लिहायला हवं. 'दुचाकीस्वार, बसची धडक, उजवा पाय चिरडला' एवढंच केसपेपरवर असेल, तर अपघात सार्वजनिक रस्त्यावरचा धरावा असा नियम आहे. सांकेतांक टाकणारा माणूस नियमच पाळतो. रस्त्याबाहेरचे अपघात आकड्यांत विरळ दिसतात, त्यातला काही वाटा माझ्या मते या नियमाचा असणार.

आवारात वेग कमी असतो हे खरं, पण बसच्या वजनापुढे दुचाकीस्वाराला वेग कमी असून फारसा उपयोग होत नाही. रिव्हर्स घेताना बसच्या चालकाला थेट पाठीमागे उभी असलेली दुचाकी आरशात दिसत नाही. वळताना बसचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं, आणि मागच्या चाकाच्या पलीकडे लोंबणारा भाग उलट दिशेला बाहेर फेकला जातो. दुचाकीस्वाराचा पाय किंवा कंबर बस आणि भिंत यांच्यात सापडते.

रस्ता सुरक्षेच्या यंत्रणा मात्र रस्त्यापुरत्याच. अमेरिकेची जीवघेण्या अपघातांची नोंदप्रणाली १९७५पासून चालू आहे, पण ती लोकांना खुल्या असलेल्या रस्त्यांवरचेच अपघात मोजते. आवारांतल्या, गाड्या लावायच्या जागांतल्या घटना मोजण्याची वेगळी सोय तिथे २००७-०८च्या सुमारास झाली.

अकरावी आवृत्ती २०२२च्या जानेवारीत लागू झाली. रस्त्याबाहेरच्या इजांना तिच्यात आकड्याच्या शेपटीऐवजी स्वतःचा गट आहे, आणि धडक कशाशी झाली ते जोड-सांकेतांकाने सांगायचं. अनेक देशांचं काम अजून दहाव्यावरच चालतं. तिथे आगारातली धडक आजही व्ही२४.०, आणि ठिकाण लिहायचं राहिलं तर सार्वजनिक रस्त्यावरच्या धडकेचा व्ही२४.४.