ई-मेल स्वयंचलन

ठरावीक साच्याचे ई-मेल पाठवण्याचे किंवा आलेले मेल निवडून ठेवण्याचे काम संगणकावरील छोट्या स्क्रिप्टकडे (क्रमाने लिहिलेल्या आज्ञांच्या फाइलीकडे) सोपवण्याची पद्धत. टेबलावरचा साधा संगणक त्याला पुरतो. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीची महिनाअखेरची बिले असोत की खानापूर-निपाणी भागातील पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस, मजकूर तोच आणि नाव-रक्कम तेवढी वेगळी, अशा कामांना ती विशेष सोयीची.

पायथन या संगणकीय भाषेत लागणारी साधने मूळ संचातच मिळतात. मेल पाठवण्यासाठी एसएमटीपी (संगणकांमधील देवाणघेवाणीचा १९८२ पासूनचा ठरलेला नियमसंच), तर आलेले मेल वाचण्यासाठी आयमॅप हा तसाच नियमसंच वापरतात. स्क्रिप्ट यादीतील एकेक ओळ वाचते, साच्यात नाव भरते, पीडीएफ जोडते आणि मेल सर्व्हरच्या हवाली करते. विंडोजचा टास्क शेड्युलर किंवा लिनक्सचा क्रॉन तिला नेमल्या वेळी सुरू करतो. आउटलुक या मेल प्रोग्रामसाठी मायक्रोसॉफ्टची व्हीबीस्क्रिप्ट ही भाषाही चालत असे; ती हळूहळू बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केल्याने नवे काम तिच्यात न मांडलेले बरे.

सीमाभागात खरी मेख लिपीची. निम्मे सभासद मराठी वाचणारे, निम्मे कन्नड. म्हणून यादीत पत्त्याशेजारी भाषेचा एक रकाना ठेवावा आणि त्यावरून साचा निवडावा. युनिकोडमुळे (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतामुळे) दोन्ही लिप्या एकाच फाइलीत नांदतात. मात्र श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली नोटीस तशीच चिकटवली, तर समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा निव्वळ गोंधळ दिसतो. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. एक्सेलमधील यादी साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर-फाइलीत) जतन केल्यास देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात. तेथे ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा.

स्क्रिप्टमधून मेल पाठवताना जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा, १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा, आणि तो स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये. मोफत खात्यावरून दिवसाला सुमारे ५०० मेलच जातात.

बिल ओळीच्या क्रमाने जोडणे घातक, कारण मधली एक ओळ गाळली की पुढच्या प्रत्येकाला दुसऱ्याचे बिल जाते. जोडणी ग्राहक क्रमांकावरूनच करावी, पहिली फेरी स्वतःच्याच पत्त्यावर काढावी. गेलेल्या प्रत्येक मेलची नोंद फाइलीत ठेवली, तर मध्येच लाइट गेल्यावर स्क्रिप्ट राहिलेल्या नावापासून पुढे चालू करता येते.