विद्युत् उपकरणांचा चालनखर्च

घरगुती विद्युत् उपकरण ठरावीक काळ वापरल्यास त्यात खर्ची पडणाऱ्या विजेचे मूल्य. उपकरणाची शक्ती (वॉट) व वापराचे तास यांच्या गुणाकाराला १,००० ने भागल्यास किलोवॉट-तास, म्हणजेच बिलावरचे युनिट मिळतात. त्यांना दराने गुणले की खर्च निघतो. १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल ऊर्जा. १,५०० वॉटची शेगडी ४० मिनिटांत, तर १० वॉटचा दिवा १०० तासांत १ युनिट वापरतो.

हा हिशेब विद्युत् मापकामुळे शक्य झाला. आरंभीच्या मापकांपैकी सॅम्युएल गार्डिनर यांचे १८७२ चे एकस्व (पेटंट) फक्त दिवे किती वेळ चालू होते एवढेच नोंदवणाऱ्या साधनाचे होते. एडिसन यांच्या रासायनिक मापकात झिंक सल्फेटाच्या विद्रावात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. त्या काढून नेऊन त्यांच्या वजनातील फरकावरून आकारणी होई. थंडीत विद्राव गोठू नये म्हणून आत दिवा ठेवत; या व्यवस्थेत ग्राहकाला स्वतः वाचन पडताळता येत नसे. शिवाय मोजला जाई तो विद्युत् भार (वाहून गेलेली एकूण वीज, म्हणजे प्रवाह × वेळ), ऊर्जा नव्हे. दाब (व्होल्टेज) स्थिर आहे असे गृहीत धरून ऊर्जा काढावी लागे. प्रत्यक्ष ऊर्जा मोजणाऱ्या मापकाचे श्रेय कोणाचे, याबाबत एकमत नाही. हेर्मान आरोन यांचा लंबक-मापक साधारणतः १८८३–८४ मधला मानतात. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहासाठी ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांचे नाव (१८८८) अमेरिकी लेखनात अग्रभागी असते. मात्र त्यांचे मूळ उपकरण अँपिअर-तास, म्हणजे ऊर्जा नव्हे तर विद्युत् भारच, मोजणारे होते. त्यामुळे प्रवर्तन (इंडक्शन) प्रकारच्या वॉट-तास मापकापुरते हंगेरीतील ओट्टो ब्लाथी (१८८९) यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच सुमारास एलिहू थॉमसन यांनी एकदिश (डीसी) व प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांवर चालणारा मापक तयार केला. फिरती तबकडी असलेल्या मापकामागील परिभ्रमी चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले व १८८८ मध्ये प्रसिद्ध केले.

सूत्र सोपे असले तरी त्यात घालायचे आकडे फसवे असतात. उपकरणावरील पट्टीवर बहुधा कमाल शक्ती असते. फ्रीजचा काँप्रेसर चालू-बंद होत असल्याने त्या आकड्याला २४ तासांनी गुणल्यास उत्तर अवास्तव येते. वातानुकूलकाचा ‘टन’ हा वीजवापर नसून शीतनक्षमता होय (१ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता काढून टाकणे), त्यासाठी लागणारी वीज याहून पुष्कळ कमी असते. मायक्रोवेव्ह भट्टीवर छापलेले वॉट अनेकदा अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचे असतात. भट्टी घेते ती वीज त्याहून जास्त. मोटार असलेल्या उपकरणात दाब व प्रवाह यांचा नुसता गुणाकारही पुरत नाही, शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर; या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा) विचारात घ्यावा लागतो.

पाणी तापवण्याच्या बाबतीत तर वॉट जवळजवळ गौण ठरतात. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे १.१६ वॉट-तास लागतात. त्यामुळे १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवण्यास, गीझर २ किलोवॉटचा असो वा ३ किलोवॉटचा, सुमारे अर्धा युनिट लागतो. मोठा गीझर तेच काम लवकर उरकतो. दाब १० टक्क्यांनी घटल्यास तापक तारेची शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते, पण तेवढेच पाणी तापायला वेळ अधिक लागत असल्याने बचत होत नाही. टाकीच्या भिंतींतून निसटणारी उष्णता मात्र वेगळी धरावी लागते.

म्हणून मापन अधिक भरवशाचे. प्लगमध्ये बसवायचे छोटे मापक नसल्यास घरचा इलेक्ट्रॉनिक मापक चालतो. त्यावर प्रति युनिट ३,२०० स्पंद असे लिहिले असेल आणि बाकी सारे बंद ठेवून दर १.५ सेकंदाला मापकावरचा दिवा लुकलुकत असेल (एक लुकलुक म्हणजे एक स्पंद), तर उपकरण ७५० वॉट घेत आहे (३,६०० ÷ ३,२०० ÷ १.५ = ०.७५ किलोवॉट). फ्रीजसाठी क्षणिक वाचन निरुपयोगी. किमान पूर्ण दिवसाची बेरीज हवी.

बंद दिसणारी पण प्लगला जोडलेली उपकरणेही थोडी वीज घेतात. अखंड १ वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्यास एखाद्या उपकरणामुळे वाढणारा किंवा त्याच्या कपातीने वाचणारा खर्च सरासरी दराने नव्हे, तर वरच्या टप्प्याच्या दराने काढतात. स्थिर आकार त्यात धरत नाहीत.