बालशिक्षण पदविकेची आंतरवासिता: सातारा-सांगलीत परवानगी कुठे मागायची, कागदपत्रं कोणती लावायची

गावातली अंगणवाडी सेविका ओळखीची आहे, ती म्हणते, "ये की उद्यापासनं," म्हणून लगेच आंतरवासिता (म्हणजे इंटर्नशिप) सुरू करू नका. तिचा होकार मनापासून असतो, पण परवानगी देणं तिच्या हातात नसतं. अंगणवाडी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत येते आणि या योजनेचा तालुक्यातला कारभार बाल विकास प्रकल्प अधिकारी पाहतात. त्यांच्या लेखी पत्राआधी भरलेले दिवस कॉलेजने धरले नाहीत तर तुमची मेहनत वाया जाते. शिवाय पर्यवेक्षिका भेटीला आल्या तर खुलासा त्या सेविकेलाच करावा लागतो. तिला त्या अडचणीत टाकू नका.

आधी पात्रता. पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदविकेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४ चे नियम लागू आहेत. प्रवेशासाठी बारावीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. वर्गातल्या अभ्यासाला ८० टक्के हजेरी चालते, आंतरवासितेला मात्र ९० टक्के लागते. म्हणजे ६० दिवसांची आंतरवासिता असेल तर सहा दिवसांपेक्षा जास्त रजा नाही. गावची जत्रा आणि घरातलं लग्न या सहांतच बसवायचं. इग्नूची (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची) बालसंगोपन व शिक्षण पदविका बारावी उत्तीर्ण असलेल्यांना करता येते. तिच्या ३२ श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) ८ प्रकल्पकार्याचे असतात, आणि त्यासाठी केंद्र बहुधा स्वतःलाच शोधावं लागतं. खासगी माँटेसरी वर्गातून कोर्स करत असाल तर त्याला मान्यता कोणाची आहे, हे फी भरण्याआधीच विचारा. प्रकल्प कार्यालयातही हाच पहिला प्रश्न येईल.

अर्ज कोणाकडे करायचा, हे जागेवर ठरतं. ग्रामीण अंगणवाडी असेल तर त्या तालुक्याच्या प्रकल्प कार्यालयात जायचं. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या शहरी भागातल्या अंगणवाड्या नागरी प्रकल्पाखाली येतात आणि नागरी प्रकल्प जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत नसतात, त्यामुळे मिरज पंचायत समितीत दिलेला अर्ज शहरातल्या अंगणवाडीसाठी उपयोगाचा नाही. एकाच वर्गाच्या मुली चार तालुक्यांत विखुरणार असतील तर कॉलेजने जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला एकच पत्र द्यावं आणि त्याची प्रत प्रत्येक प्रकल्पाला पाठवावी. नव्या शैक्षणिक धोरणात पायाभूत स्तर ३ ते ८ वर्षांचा आहे. त्यामुळे कॉलेजने काही दिवस पहिली-दुसरीच्या वर्गात घालवायला सांगितलं, तर तिथली परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्यायची. खासगी बालवाडीत व्यवस्थापनाचं संमतिपत्र लागतं. ती बालवाडी शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदलेली आहे का, हेही विचारून घ्या.

अर्जाची भाषा साधी असू द्या. "प्रति, मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना प्रकल्प, (तालुका). विषय: पूर्वप्राथमिक शिक्षण पदविकेच्या आंतरवासितेसाठी अंगणवाडीत उपस्थित राहण्यास परवानगी मिळणेबाबत." त्याखाली कोणत्या गावातली कितव्या क्रमांकाची अंगणवाडी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती वेळ, हे स्पष्ट लिहा. अर्जाला कॉलेजचं शिक्क्याचं पत्र जोडा. त्यात मार्गदर्शक अध्यापकांचं नाव आणि फोन नंबर असलाच पाहिजे. सोबत बारावीची गुणपत्रिका, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची प्रत (पहिले आठ अंक झाकलेली), दोन फोटो, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी आणि नियम पाळण्याचं हमीपत्र लावा. वय अजून १८ झालेलं नसेल तर पालकांचं संमतिपत्रही द्या. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. पुढे चौकशीला गेल्यावर हाच कागद दाखवायचा असतो.

यातल्या दोन कागदांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते केवळ फाईल भरायला लावायचे नाहीत.

पहिला पोलीस पडताळणीचा. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ चा, म्हणजे पोक्सो. त्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची असते. नियमात उल्लेख कर्मचाऱ्यांचा असला तरी शिकाऊ विद्यार्थ्यांकडूनही ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तीन वर्षांच्या मुलाला समोरचा माणूस कायम नोकरीतला आहे की महिनाभरासाठी आलाय, हे कळत नसतं. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून अर्ज होतो. घर जतला आणि वसतिगृह सांगलीत असेल तर दोन्ही पत्ते लिहा आणि वेळ हाताशी ठेवा. पोलीस पाटलाचा दाखला जोडायला हरकत नाही, पण तो या पडताळणीची जागा घेत नाही.

दुसरा वैद्यकीय दाखला. अंगणवाडीत ताजा गरम आहार शिजतो, मुलं एकमेकांना खेटून बसतात, मांडीवर येतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. खरूज किंवा ताप असेल तर त्या दिवशी घरीच थांबा, रजेच्या सहा दिवसांतला एक दिवस त्यासाठी ठेवा.

काळ निवडतानाही विचार करावा लागतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यांवर जुलै-ऑगस्टच्या पावसात रोज पोहोचणं अवघड असतं. दिवाळीनंतर कराड, वाळवा, पलूस भागात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात आणि फडाजवळच्या कोपींवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, लहान मुलं असतात. जत, आटपाडी, माणमधली काही कुटुंबं त्याच सुमारास तोडणीला बाहेर जातात, त्यामुळे तिथल्या अंगणवाडीचा पट कागदावर तेवढाच राहतो आणि समोर मुलं कमी दिसतात. शक्य असेल तर तुमच्या भागातली ही येणारी-जाणारी मुलं अंगणवाडीत येतात का, हे सेविकेसोबत जाऊन पाहा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला याच प्रश्नावर काम केलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर त्याच्या अंगणात जायचं, हा त्यांचा मार्ग होता. जत तालुक्यात सीमेकडच्या गावांत घरात कानडी बोलणारी मुलं भेटतील. तिथे जाणार असाल तर पाणी, शू, भूक, आई, दुखतंय एवढे शब्द तरी कानडीत शिकून जा. गाणी-गोष्टी नंतर येतील.

पाठ-नियोजन लिहिण्याआधी सेविका कोणतं साहित्य वापरते, ते बघा. राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम असो की केंद्राचा २०२४ चा 'आधारशिला', तुमच्या कृती तिच्या आठवड्याच्या आराखड्यात बसल्या पाहिजेत. नोंदवहीत "मूल हट्टी आहे" असं लिहू नका. "रांगेत पुढच्या तिघांना ढकललं, चौथ्याचा हात धरून त्याला पुढे नेलं" असं, जे दिसलं ते लिहा. मुलाचं खरं नाव नको, फक्त आद्याक्षर. सेविकेच्या मोबाईलमधली वजन-उंचीची माहिती फोटो काढून घेऊ नका. मुलांचे फोटोही पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढायचे नाहीत, आणि संमती असली तरी स्टेटसला ठेवायचे नाहीत.

सेविका बैठकीला गेली म्हणून एकट्याने वर्ग सांभाळायची वेळ आली तर नम्रपणे नाही म्हणा आणि मार्गदर्शकांना कळवा. मूल एखादी त्रासाची गोष्ट सांगू लागलं तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ असू द्या.

शेवटच्या आठवड्यात हजेरीपत्रकावर सेविकेची रोजची सही आहे का, ते तपासा. पूर्णत्वाचा दाखला प्रकल्प कार्यालयातून जावक क्रमांकासह घ्या. त्यावरच्या तारखा परवानगीपत्राशी आणि हजेरीपत्रकाशी जुळतात का, हे तिथेच उभं राहून वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती करून मागा. मूळ दाखला कॉलेजला देण्याआधी दोन झेरॉक्स काढून ठेवा.