‘सॉफ्ट कॉपी सोबत जोडली आहे’ : अटॅचमेंट आणि स्क्रीन रीडर यांची पार्श्वभूमी

ईमेलला फाइल जोडण्याची आजची रीत १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक आले तेव्हापासूनची आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला वाचून दाखवणारी साधने, त्याआधी विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळापासून होती. मात्र एनव्हीडीए या स्क्रीन रीडरचे काम २००६ मध्ये सुरू झाले आणि हे साधन मोफत मिळू लागले, तेव्हा कुठे ते आपल्याकडील सामान्य अंध वापरकर्त्याच्या आवाक्यात आले.

अटॅचमेंटपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. आउटलुकमध्ये मजकुरातून शिफ्ट-टॅब दाबत मागे गेले की फाइलचे नाव ऐकू येते आणि एंटर दाबल्यावर ती उघडते. ऑफिस २०१० पासून मात्र मेलमधून आलेली वर्ड फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये, म्हणजे बदल करता न येणाऱ्या सुरक्षित अवस्थेत, उघडू लागली. व्हायरसची भीती खरी होती; पण त्या अवस्थेत मजकूर स्क्रीन रीडरच्या नीट हाती लागत नसे, आणि ‘एनेबल एडिटिंग’ची पिवळी पट्टी डोळ्यांना जितकी ठळक, तितकी कानांना नव्हती.

खरा घोळ घातला तो ‘सॉफ्ट कॉपी’ या शब्दाने. बेलापूर-वाशीतली कचेरी असो की घोडबंदर रस्त्यावरची गृहनिर्माण सोसायटी, जे कागदावर नाही ते सॉफ्ट कॉपी, असा सरसकट अर्थ सर्वत्र घेतला जातो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याच्यासमोर अक्षरे दिसतातच. कानांनी वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या एकाच नावाखाली एकमेकींशी संबंध नसलेल्या वस्तू येतात. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, असेल तर प्रश्न नाही. तीच कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर पडद्यावर ‘मराठी’ दिसत असताना आत रोमन अक्षरे असतात आणि एकेक अक्षर ऐकत गेल्यास ‘ई, जे, के, बी, एच’ असे कानी पडते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोजमध्येही ती २००० पासून मिळते. तरी जुने फॉन्ट टायपिंगच्या सवयीमुळे टिकून राहिले.

त्याहून अवघड प्रकार स्कॅन केलेल्या पीडीएफचा. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. ती संगणकावर टाइप होते, छापली जाते, तिच्यावर सचिवांची सही आणि गोल शिक्का पडतो, मग ती स्कॅन होऊन सभासदांना ईमेलने जाते. जो मजकूर आरंभी अक्षरांच्या रूपात होता, तो कागदाची फेरी करून येताना चित्र होऊन बसतो आणि स्क्रीन रीडर दस्तऐवज रिकामा असल्याचे सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० मध्येच इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात माहिती सुगम स्वरूपात मिळण्याची तरतूद आली. तरीही शाईच्या शिक्क्याचा दबदबा ओसरला नाही. मूळ फाइल दिली तर कोणी आकडे बदलेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पण शिक्क्याच्या प्रतीबरोबर मूळ फाइलही जोडण्यास त्याने कोणती आडकाठी येते, याचे उत्तर सहसा मिळत नाही.

अलीकडच्या काळात अटॅचमेंटच्या जागी ड्राइव्हची लिंक येऊ लागली. ‘सोबत जोडली आहे’ असे वाचून अटॅचमेंट शोधत बसावे, तर मजकुरात निव्वळ दुवा निघतो आणि तो उघडण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. जीमेलची साधी एचटीएमएल मांडणी अनेक अंध वापरकर्त्यांच्या अंगवळणी पडली होती, तीही २०२४ मध्ये बंद झाली.

चित्रातली अक्षरे ओळखण्याची सोय एनव्हीडीएमध्ये २०१७ पासून आहे, आणि टेसरॅक्टसारखे मुक्त साधन मराठीही ओळखते. स्वच्छ छापलेल्या पानावर तिचा बरा उपयोग होतो. शिक्का नेमका तारखेवर बसला असेल, तर मात्र सभा कधी आहे हे सचिवांना फोन करूनच विचारावे लागते.