स्वबळाचा गर्व व ईश्वरी न्याय (यशयाच्या ग्रंथातील)

बायबलच्या जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या वाणीत वारंवार येणारा विचार. माणूस, राजा वा राष्ट्र देवाला विसरून केवळ स्वतःच्या ताकदीवर विसंबले की तो देवाविरुद्धचा अपराध ठरतो, आणि त्याचा न्याय परलोकात नव्हे तर इतिहासात, म्हणजे वेढा, पराभव व हद्दपारी यांच्या रूपाने होतो, असे हे संदेष्टे सांगतात. मवाब, सोर, मिसर (इजिप्त), बाबेल (बॅबिलोन) या शेजाऱ्यांवर हा आरोप आहेच. पण त्याची सर्वांत बारकाईची मांडणी इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात यहूदाच्या राज्यात बोलणाऱ्या यशयाने केली, आणि तीही यरुशलेम या आपल्याच राजधानीविरुद्ध.

दुसऱ्या अध्यायात (2:12–17) तो ‘सेनाधीश परमेश्वराचा दिवस’ जाहीर करतो. त्या दिवशी जे जे उंच ते खाली येणार : लबानोनचे गंधसरू, बाशानचे अल्लोन वृक्ष, डोंगर, बुरूज, तट, तार्शीशाची गलबते. ही यादी सहज सुचलेली नाही. गंधसरू हे राजवाड्याचे लाकूड, बुरूज व तट हे संरक्षण, गलबते हा दूरचा व्यापार. राज्य ज्या ज्या गोष्टींवर उभे असते त्यांची ती मोजदाद आहे. नवव्या अध्यायात उत्तरेकडील एफ्राईमचे (इस्राएलच्या राज्याचे) लोक विटा पडल्या तर घडीव दगडांनी बांधू, उंबर तोडले गेले तर गंधसरू लावू, असे म्हणतात (9:10). संकटातून काही न शिकता तेच अधिक मोठ्या प्रमाणावर उभारण्याची ही जिद्दच त्यांच्यावरचा आरोप ठरते.

या विचाराचा गाभा बाविसाव्या अध्यायात आहे. अश्शूर या त्या काळच्या बलाढ्य साम्राज्याच्या स्वारीच्या काळात यरुशलेमने केलेली तयारी तिथे क्रमाने येते : वनगृहातील शस्त्रांवर नजर टाकली, दावीदनगराच्या (यरुशलेमच्या जुन्या भागाच्या) तटाची भगदाडे पाहिली, खालच्या तळ्याचे पाणी साठवले, घरे मोजली, तट मजबूत करण्यासाठी घरे पाडली, दोन तटांच्या मध्ये जुन्या तळ्याच्या पाण्यासाठी हौद केला (22:8–11). वनगृह म्हणजे शलमोनाने बांधलेले 100 हात लांब, 50 हात रुंद सभागृह. सोन्याच्या ढाली तिथे असत.

उत्खननांत या तपशिलांशी जुळणारे बरेच काही सापडले आहे. पुरातत्त्वज्ञ नाहमान आविगाद यांना जुन्या शहराच्या यहुदी विभागात सुमारे 7 मीटर जाडीचा तट मिळाला. तो आधीच्या घरांवरून गेलेला आहे, म्हणजे घरे खरोखरच पाडली गेली. गीहोन झऱ्याचे पाणी शिलोहच्या तळ्यात आणणारा 533 मीटर लांबीचा नागमोडी बोगदा बहुतेक अभ्यासक यहूदाच्या हिज्कीया राजाच्या काळातला मानतात. पाण्याचा उतार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम 30 सेंटिमीटर आहे. 1880 मध्ये सापडलेल्या तिथल्या शिलालेखानुसार कामगारांच्या दोन टोळ्या समोरासमोरून खोदत आल्या, शेवटचे तीन हात उरले असताना त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू आले, आणि पाणी 1200 हात वाहिले. लेखात राजाचे नाव नाही आणि देवाचेही नाही.

या वाणीचा अर्थ लावताना सर्वाधिक चूक इथेच होते. यशयाला बांधकामाचा वा पूर्वतयारीचा तिटकारा होता, असे अनेकजण धरून चालतात. पण बायबलमधीलच इतिहासाचा दुसरा ग्रंथ हेच जलकाम हिज्कीयाच्या यशात मोजतो (32:30). यशयाचा आक्षेप अकराव्या वचनाच्या उत्तरार्धात आहे : हे सारे ज्याने घडवले, ज्याने फार पूर्वीच योजले, त्याच्याकडे तुम्ही पाहिले नाही. त्याआधीची क्रियापदे पाहण्याची, मोजण्याची, पाडण्याची वा साठवण्याची आहेत. एकच पाहणे राहून गेले. म्हणून 8 ते 11 ही वचने एकत्र वाचावीत. अर्धे वचन सोडले की संदेष्टा अकारण अडाणी ठरतो.

लगेच पुढे हाच न्याय एका माणसावर येतो. राजवाड्याचा कारभारी शेबना उंच जागी खडकात स्वतःची कबर खोदवतो. त्याला चेंडूसारखा गुंडाळून दूर देशी फेकले जाईल, असे यशया सांगतो (22:15–19). किद्रोन खोऱ्यापलीकडच्या सिलवान गावात 1870 मध्ये ‘राजवाड्यावर नेमलेल्या’ अधिकाऱ्याच्या कबरीचा लेख सापडला. त्यातील नावाचा ‘–याहू’ एवढाच शेवट उरला आहे. शेबना हे ‘शेबनयाहू’चे लघुरूप मानून तो शेबनाचा असावा, हा तर्क आहे, सिद्ध गोष्ट नव्हे. शेबनाची जागा घेणारा एल्याकीमही सुटत नाही. भक्कम ठिकाणी ठोकलेल्या त्या खुंटीवर सगळे कुटुंब आपली भांडी टांगते आणि एके दिवशी खुंटीच निखळते (22:25).

परराष्ट्र धोरणालाही तीच कसोटी आहे. 30 व 31 या अध्यायांत मिसरचे घोडे व रथ मागणाऱ्यांचा धिक्कार आहे : मिसरी माणसे आहेत, देव नव्हेत, त्यांचे घोडे मांस आहेत, आत्मा नव्हेत. अशा वाणीची ठरावीक बांधणी असते. आधी ‘हाय हाय’, मग कृत्याचे वर्णन, मग आरोप, शेवटी ‘यास्तव’ म्हणून निकाल. शिक्षा अपराधाच्या मापाचीच असते. ‘आम्ही घोड्यांवरून पळू’ म्हणता, तर पळालच. ‘वेगवान घोड्यांवर बसू’ म्हणता, तर पाठलाग करणारेही वेगवानच असतील (30:16). निकाल वाचून मागे आरोपाकडे गेले की हे जुळणे स्पष्ट दिसते.

इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. आपण यहूदाची 46 तटबंद नगरे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले, असे त्याचा लेख सांगतो. यहूदातील लाखीश नगराच्या पाडावाची शिल्पपट्टी त्याने आपली राजधानी निनवे येथील राजवाड्यात कोरून घेतली. यरुशलेम घेतल्याचा दावा मात्र त्याच्या लेखात नाही.

विजेत्यालाही यशया तेच माप लावतो. अश्शूर देवाच्या रागाची काठी आहे, पण ‘माझ्या हाताच्या बळाने मी हे केले’ म्हणताच तो आरोपी होतो. तोडणाऱ्यापुढे कुऱ्हाडीने बढाई मारावी काय, असा सवाल येतो (10:5–15). या सवालामुळेच ही वाणी शत्रूला शिव्याशाप देण्याच्या पातळीवर उतरत नाही : यरुशलेम, मिसर व अश्शूर एकाच पट्टीने मोजले जातात.

हिज्कीयाही या मापातून सुटत नाही. बाबेलचा राजा मरोदख-बलदान याच्याकडून आलेल्या दूतांना तो सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये आणि शस्त्रागार सारे काही दाखवतो. यातले काहीही उरणार नाही, सर्व बाबेलला नेले जाईल आणि तुझे वंशज तिथल्या राजवाड्यात खोजे होतील, असे यशया त्याला ऐकवतो (39:1–7). बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले ते इ.स.पू. 586 च्या सुमारास.